दोन दरबार, एक रयत

महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविणारा कायदा एकमताने संमत केला आणि जुलै २०१७ पासून तो अंमलात आला. असा सविस्तर कायदा करणारे पहिले राज्य म्हणून महाराष्ट्राचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु कायदा संमत होणे आणि त्याचा अंमल बसणे यांत किती अंतर असते, हे जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. ज्याला वाळीत टाकले आहे त्याने पोलीस ठाण्याची पायरी चढावी, हे या कायद्याचे गृहीतक आहे. ती पायरी चढणे हाच पंचांच्या दृष्टीने त्याचा दुसरा आणि अधिक मोठा अपराध ठरतो, ही वस्तुस्थिती आहे.

राज्यसंस्था आणि तिच्या पोटात वावरणारी दुसरी एखादी न्यायसत्ता यांच्यातील हा झगडा नवा नाही आणि तो केवळ आपल्याकडचाही नाही. मध्ययुगीन इंग्लंडने रोमच्या पोपशी तो जवळजवळ चार शतके केला. त्या झगड्यातून जे कायदे निघाले त्यांचा इतिहास आज आपल्या उपयोगाचा आहे. कारण कायदे कठोर असूनही ते दीर्घकाळ निष्प्रभ का राहिले, याचे उत्तर त्यात सापडते.

पोपचा दरबार आणि राजाचे न्यायालय

मध्ययुगात इंग्लंडमधील प्रत्येक माणूस एकाच वेळी दोन सत्तांचा प्रजाजन होता. जमीन, खून, चोरी हे विषय राजाच्या न्यायालयाचे. विवाह, मृत्युपत्र, शपथभंग आणि नीती हे विषय चर्चच्या न्यायालयाचे. चर्चच्या न्यायालयाचा निकाल मान्य नसेल तर दाद थेट रोमकडे मागता येत असे. दुसऱ्या हेन्री राजाने ११६४ मध्ये क्लॅरेंडन येथे नियमावली करून या अपिलांना पायबंद घालण्याचा प्रयत्न केला. त्याची परिणती आर्चबिशप टॉमस बेकेटच्या हत्येत (११७०) झाली, आणि बलाढ्य म्हणून गाजलेल्या त्या राजाला ११७४ मध्ये बेकेटच्या थडग्यापुढे जाऊन प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुढे जॉन राजाने १२१३ मध्ये तर आपले राज्यच पोपला अर्पण करून त्याचा मांडलिक म्हणून ते परत स्वीकारले आणि वर्षाला १००० मार्क खंडणी कबूल केली.

चौदाव्या शतकात परिस्थिती पालटली, ती मुख्यतः पैशाच्या प्रश्नावरून. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोपचे वास्तव्य रोममध्ये नसून आव्हिन्यों येथे, म्हणजे फ्रेंच राजाच्या सावलीत होते. १३३७ पासून इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले होते. इंग्लंडमधील धर्मपदांवर पोप परस्पर आपली माणसे नेमी; त्यांतील कित्येक जण इंग्लंडला कधी येतही नसत, पण त्या पदांचे उत्पन्न मात्र त्यांना पोहोचत असे. इंग्लंडचा पैसा शत्रूच्या मित्राकडे जातो, ही भावना पार्लमेंटमध्ये बळावत गेली. पोपकडे जाणारी रक्कम राजाच्या उत्पन्नाच्या पाचपट आहे, अशी तक्रार १३७६ च्या पार्लमेंटमध्ये करण्यात आली. आकड्यात अतिशयोक्ती असेलही. तक्रारीमागील संताप मात्र खरा होता.

या संतापातून १३५१ चा प्रोव्हायझर्सचा कायदा आला. धर्मपदांवरील नेमणुका परंपरेप्रमाणे येथल्या येथेच व्हाव्यात आणि पोपकडून परस्पर नेमणूक मिळविणाऱ्यास तुरुंगात टाकावे, असे त्याने ठरविले. दोनच वर्षांनी, १३५३ मध्ये, प्रिम्युनायरी या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. ज्या तंट्याचा निवाडा राजाच्या न्यायालयाने करावयाचा तो तंटा जो कोणी राज्याबाहेर नेईल, त्याने दोन महिन्यांच्या आत राजाच्या न्यायालयापुढे हजर व्हावे. न झाल्यास त्याला कायद्याचे संरक्षण उरणार नाही आणि त्याची मालमत्ता जप्त होईल, असा तो दंडक होता. १३९० मध्ये पहिल्या कायद्याला अधिक धार देण्यात आली आणि १३९३ मध्ये प्रिम्युनायरीचा सर्वात प्रसिद्ध कायदा संमत झाला.

या शेवटच्या कायद्याचे तात्कालिक कारण आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. राजाच्या न्यायालयाने दिलेल्या निकालांची अंमलबजावणी जे बिशप करतील त्यांना पोप बहिष्कृत करणार, असे वातावरण निर्माण झाले होते. म्हणजे न्यायालयाचा हुकूम पाळणे हाच बहिष्काराला पात्र असा अपराध ठरत होता. पार्लमेंटने त्यावर उत्तर दिले ते असे की, राजाच्या अधिकाराला बाध आणणारी बहिष्काराची आज्ञापत्रे जो बाहेरून आणील त्यालाच राज्याच्या संरक्षणातून वगळावे. बहिष्काराला बहिष्कारानेच उत्तर, असा तो प्रकार होता.

कायदे होते, मग चालले का नाहीत?

एवढे कठोर कायदे झाल्यावर पोपची सत्ता इंग्लंडमधून नाहीशी झाली असेल, असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. कायदा संमत झाल्यानंतरही पोप बिशप नेमीत राहिला आणि नेमलेले बहुतेक बिशप राजाच्याच पसंतीचे असत. कारण राजाला हा कायदा तलवार म्हणून वापरण्यापेक्षा तराजूतील वजन म्हणून वापरणे अधिक सोयीचे होते. पोपने राजाच्या माणसाला बिशप करावे, राजाने कायद्याकडे काणाडोळा करावा, असा हा सौदा होता. पार्लमेंटमधील सामान्य सभासद कायदा मागत, राजा तो देई आणि मग स्वतःच परवाने देऊन त्याला भोके पाडी. पंधराव्या शतकात पाचव्या मार्टिन पोपने हे कायदे रद्द करावेत म्हणून इंग्लंडवर मोठा दबाव आणला. कायदे रद्द झाले नाहीत, पण फारसे वापरलेही गेले नाहीत.

ते वापरले गेले सुमारे सव्वाशे वर्षांनी, आणि वेगळ्याच हेतूने. आठव्या हेन्रीला पत्नीपासून विभक्त व्हावयाचे होते आणि पोप परवानगी देत नव्हता. १५२९ मध्ये त्याने स्वतःच्याच मंत्र्यावर, कार्डिनल वूल्सीवर, प्रिम्युनायरीचा आरोप ठेवला. पुढे इंग्लंडच्या साऱ्या धर्मगुरूंवर तोच आरोप लादण्यात आला आणि कँटरबरीच्या धर्मसभेने १ लाख पौंड देऊन माफी मिळविली. १५३३ मध्ये रोमकडील अपिले बंद झाली आणि १५३४ मध्ये राजाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. प्रिम्युनायरीचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून अखेर १९६७ मध्ये काढण्यात आला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रतिस्पर्धी न्यायसत्तेविरुद्धचा कायदा राज्यकर्त्याच्या हातात सौद्याचे साधन म्हणून राहिला तर त्याचा लाभ राज्यकर्त्याला होतो, प्रजाजनाला होत नाही. ज्या गरीब माणसाला चर्चच्या न्यायालयाने छळले, त्याच्या पदरात हेन्रीच्या विजयातून काय पडले, हा प्रश्न इतिहासाची पुस्तके सहसा विचारीत नाहीत.

आपल्याकडचे पीठ आणि आपल्याकडचा राजा

महाराष्ट्रात या झगड्याची सर्वात जवळची आवृत्ती कोल्हापुरात घडली. १८९९ मध्ये शाहू छत्रपतींच्या लक्षात आले की, आपल्या स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो. छत्रपती क्षत्रिय नसून शूद्र आहेत, असा त्याचा सरळ अर्थ होता. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्याचे नाकारले, तेव्हा १९०२ मध्ये महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. संकेश्वर-करवीर पीठाचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा १९०३ मध्ये मठाच्या उत्पन्नावरही जप्ती आणली. राजोपाध्यांनी दाद मागितली ती कोल्हापूर दरबाराच्या वर, ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे आणि अखेर हिंदुस्थान सरकारकडे. तंटा राज्याबाहेर नेण्याचाच हा प्रकार होता. ती दाद फेटाळली गेली आणि १९०५ च्या सुमारास पीठाला महाराजांचा अधिकार मान्य करावा लागला. पुढे १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूचे स्वतंत्र पीठच निर्माण केले. आठव्या हेन्रीची आठवण व्हावी असेच हे पाऊल होते. फरक हा की, त्यामागे राजाचा विवाह नव्हता, बहुजनांच्या मानाचा प्रश्न होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक गोष्ट विशेष जाणवते. शाहू महाराजांनी धर्मशास्त्रावर वाद घालण्यात वेळ दवडला नाही. त्यांनी उत्पन्नाला हात घातला. धर्मसत्तेचा पाया इनामात आहे आणि इनाम राज्याच्या हाती आहे, हे त्यांनी ओळखले. इंग्लंडच्या पार्लमेंटनेही धर्मतत्त्वाला हात न लावता उत्पन्नाच्या वाटेवर पहारा बसविला होता. कोणतीही न्यायसत्ता उपदेशावर चालत नाही. ती वसूल होणाऱ्या दंडावर आणि दंड न भरल्यास होणाऱ्या नुकसानीच्या भीतीवर चालते.

राजाच्या पाठीशी खजिना आणि फौज होती. सामान्य माणसाचे काय होते, हे पुण्यात त्याआधीच दिसले होते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमास गेली. तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. पुढे उपस्थितांची नावे छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले आणि रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. सरकारी न्यायासनावर बसून इतरांचे तंटे सोडविणारा विद्वान माणूस स्वतःच्या घरातील लग्नमुंजीपुरता मात्र दुसऱ्या न्यायासनापुढे उभा होता. घरी पुरोहित येणार नाही, मुलीचे लग्न जमणार नाही, सुतकात शेजारी फिरकणार नाही, या भीतीपुढे विद्वत्ताही थकते. मग निरक्षर शेतमजुराची काय कथा!

ब्रिटिश सरकारने या बाबतीत मोठी सावध भूमिका घेतली. मुंबई प्रांताच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नात दिवाणी न्यायालयांनी पडू नये असे ठरविले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात गमावल्यामुळे वारसा हक्क जाणार नाही एवढे मात्र निश्चित केले. मालमत्ता राज्याची, माणूस जातीचा, अशी ती वाटणी होती.

१९४९ ते २०१६

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने ही वाटणी मोडण्याचा प्रयत्न केला. १९४९ च्या बहिष्कृती प्रतिबंधक कायद्याने एखाद्यास जमातीतून बहिष्कृत करणे हा १ हजार रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा ठरविला. दाऊदी बोहरा पंथाचे प्रमुख सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि जानेवारी १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा घटनाबाह्य ठरला. धर्माच्या बाबतीतील आपला कारभार पाहण्याचा पंथाला घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने अधिकार आहे आणि धार्मिक शिस्तीसाठी केलेली बहिष्कृती त्यात मोडते, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. बहिष्कृत माणूस त्याच्या समाजात अस्पृश्यासारखाच होतो, तेव्हा हा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या १७ व्या अनुच्छेदाच्या भावनेला धरूनच आहे, असा त्या मताचा आशय होता. बहुमताच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये याचिका दाखल झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. एका प्रश्नाला इतकी वर्षे लागावीत यावरून त्याची गुंतागुंत कळावी.

२०१६ च्या कायद्याने वेगळी वाट घेतली. त्याने पंथाची शिस्त हा विषय बाजूला ठेवून बहिष्काराच्या प्रत्यक्ष कृतींवर बोट ठेवले: लग्नात वा अंत्यविधीत अडथळा आणणे, व्यवहार तोडणे, सार्वजनिक सोयींचा वापर नाकारणे, वाळीत टाकण्यासाठी पंचायत भरविणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देण्याची तरतूद. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपविण्याची अपेक्षा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध २०१३ पासून चालविलेल्या मोहिमेचा या कायद्यामागे मोठा वाटा होता. कायदा विचारपूर्वक रचलेला आहे, यात शंका नाही.

माणिकगडाच्या पायथ्यापासून

मग त्याचे येथे काय होते? जिवती तालुक्याची घडण ध्यानात घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा तालुक्याचा भाग होता; नंतर काही काळ नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ पासून चांदा जिल्ह्यात आला. गोंड आणि कोलाम हे येथले मूळचे रहिवासी. त्यांच्या जोडीला बंजारा तांडे आले आणि मराठवाड्यातून जमिनीच्या शोधात निघालेली अनेक जातींची कुटुंबे येऊन वसली. आजही सीमेवरील काही गावांना महाराष्ट्र आणि तेलंगण अशा दोन राज्यांनी शाळा, शिधापत्रिका आणि मतदानाचा हक्क दिलेला आहे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दोन सरकारांची प्रजा असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी या भागातील माणसाला मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जावे लागत नाही.

या वस्त्यांतील नाईक, कारभारी, पाटील यांच्या बैठकांना सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. बांधाचा तंटा, गुरांनी केलेली नासाडी, नवराबायकोचे भांडण हे विषय या बैठका एका संध्याकाळी मिटवितात. न्यायालयात त्याच तंट्याला वर्षे लागतात आणि प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून, डोंगर उतरून राजुऱ्याला वा चंद्रपूरला जावे लागते. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला तंटे सोडविण्याची रूढ पद्धत जतन करण्याचा अधिकार दिला आहे आणि तो योग्य आहे. आदिवासी समाजाच्या रूढ न्यायपद्धतीकडे केवळ मागासपणाची खूण म्हणून पाहणारा सुशिक्षित माणूस त्या समाजाला न्यायालयाची वाट दाखवितो, पण त्या वाटेचा खर्च कोण भरणार हे सांगत नाही.

परंतु तडजोड घडविणारी बैठक आणि शिक्षा देणारी पंचायत यांच्यामध्ये एक सीमारेषा आहे आणि ती ओलांडली की काय होते हेही या तालुक्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील स्त्रीपुरुषांना, त्यांत वृद्धही होते, भर चौकात बांधून मारहाण करण्यात आली. जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा आठ वर्षांचा झाला होता. तेथे रीतसर पंचायत नव्हती. गावाची गर्दीच फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारी झाली होती. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने माओवाद्यांच्या तथाकथित जनअदालती पाहिल्या आहेत. तेथेही आरोपीला वकील नव्हता आणि अपील नव्हते. नाव कोणतेही असो, जेथून वर दाद मागता येत नाही ते न्यायालय नव्हे.

सीमारेषा कोठे आखावी?

इंग्लंडच्या पार्लमेंटने चर्चची न्यायालये बंद केली नव्हती, ही गोष्ट येथे मार्गदर्शक ठरावी. विवाह आणि मृत्युपत्र हे विषय त्यांच्याकडे पुढेही शतकानुशतके राहिले. पार्लमेंटने फक्त रेषा आखली आणि ती ओलांडणाऱ्याला शिक्षा सांगितली. आपल्यालाही रूढ पंचायती मोडावयाच्या नाहीत. त्यांची हद्द ठरवावयाची आहे. ती तीन कसोट्यांवर ठरावी असे वाटते.

पहिली कसोटी पैशाची. भरपाई आणि दंड यांत भेद केला पाहिजे. ज्याचे पीक गेले त्याला मिळालेली रक्कम ही भरपाई; पंचांच्या हाती राहिलेली किंवा त्यांच्या जेवणावळीत गेलेली रक्कम हा दंड. पंचायतीला दंडातून प्राप्ती होऊ लागली की अपराध शोधण्यातच तिचे हितसंबंध गुंततात. दुसरी कसोटी जगण्याच्या साधनांची. पाणी, दळण, मजुरी, किराणा, लग्न आणि मयत यांना हात लावणारा कोणताही निवाडा तडजोड असू शकत नाही. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची कसोटी दरवाजाची. पंचांचा निवाडा ज्याला मान्य नाही त्याला पोलिसांकडे, तहसीलदाराकडे वा न्यायालयात जाण्याची मोकळीक असलीच पाहिजे. १३९३ च्या कायद्याचा गाभा हाच होता: राज्याच्या न्यायालयाची आज्ञा पाळली म्हणून कोणी बहिष्कृत होता कामा नये.

या कसोट्या कागदावर उतरविणे सोपे आहे. त्या चालतील की नाही हे मात्र इंग्लंडमध्ये जेथे घोडे अडले तेथेच ठरणार आहे. निवडणुकीच्या दिवसांत पंचांना भेटून समाजाची एकगठ्ठा मते ठरविणारे पुढारी, त्यांच्याच पंचायतीविरुद्ध तक्रार आली की पोलिसांना नेटाने काम करू देतील काय? राजाने पोपशी केलेला सौदा आणि उमेदवाराने पंचांशी केलेला सौदा यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्हींत कायदा पुस्तकात राहतो आणि रयत दोन दरबारांच्या मध्ये उभी राहते.

म्हणून या कायद्याचे भवितव्य केवळ पोलिसांवर सोडून चालणार नाही. वाळीत पडलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात मजुरी लागते, दुकानदार लागतो, मुलांना शाळेत शेजारी बसणारे सोबती लागतात. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, स्वस्त धान्य दुकानदार ही राज्यसंस्थेची गावात दिसणारी माणसे आहेत. त्या घरी जाऊन चहा घेण्याचे धैर्य त्यांनी दाखविले तर बहिष्काराची अर्धी ताकद त्याच दिवशी संपेल. पंचहौदच्या चहाने पुण्यात ग्रामण्य उभे केले होते. येथल्या चहाने ते मोडता येईल. सहा महिन्यांत निकाल देण्याचे कायद्याचे वचन त्यानंतर न्यायालयांनी पाळावयाचे आहे. राज्याचा दरवाजा जवळ आणि उघडा असेल तरच रयत दुसऱ्या दरबारापुढे मान तुकविण्याचे सोडील. केवळ तो दरबार बेकायदा आहे असे जाहीर केल्याने नव्हे.